माणशी सव्वा मूठ

देवपूर, धुळे
१२ मे २०२५

रूपा,

मी रतिलालनाना, तुझ्या वडिलांचा चुलतभाऊ. तुझ्या लग्नात पंगत वाढताना मठ्ठ्याची बादली ज्याने सांडली तो मीच, म्हणजे आता ओळख पटली असेल. या जमान्यात पत्र कसलं लिहितो म्हातारा, असं म्हणू नकोस. फोनवर मला एक अक्षर ऐकू येत नाही. बत्तीस वर्षं एसटी डेपोत कंट्रोलर होतो, कान इंजिनांनी खाल्ले. ई-मेल करायचा तर कॉम्प्युटर सुरू व्हायला हवा, आणि माझं रडगाणं त्याचंच आहे.

आपल्या कानबाईच्या रोटांची यादी माझ्याकडे असते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाईमाता बसते, आणि घरात जितकी माणसं तितक्या वेळा सव्वा मूठ गहू मोजून तिच्या नैवेद्याच्या जाड रोटांचं पीठ दळायचं, ही आपल्या घराण्याची रीत. कोणाकडे सून आली, कोणाकडे बाळ झालं, कोण गेलं, ते वर्षभर टिपायचं आणि कानबाईच्या आधी प्रत्येक घराला आकडा कळवायचा. हे काम तुझी वच्छलाकाकू करायची. ती जाऊन चार वर्षं झाली, आता मी करतो. तिची वही फाटायला आली म्हणून मी सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं.

ज्येष्ठ नागरिकांच्या क्लासात गफूरसर शिकवतात. ते म्हणाले, एवढी माणसं आहेत तर डेटाबेसचं सॉफ्टवेअर घाला. मी घातलं, आणि बरा चालणारा कॉम्प्युटर आडवा झाला. काल सकाळी ७.१० ला बटण दाबलं. ७.३४ ला पडदा दिसला. ७.४१ ला बाण हलला. यादी उघडली तेव्हा ८.०५ झाले होते. एवढ्या वेळात आमची गाडी पारोळ्याला पोचायची. गफूरसरांना विचारावं तर ते हजला गेलेत.

तू डाळ मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतेस हे ठाऊक आहे. रावेरहून रोज गाडीने ये-जा करतेस, घरी पोचल्यावर सासरची कामं असतील, म्हणून ऑफिसच्याच पत्त्यावर लिहितोय. स्वप्नीलरावांना आणि सासूबाईंना नमस्कार सांग. आमच्याकडे सगळं ठीक. घर भरलेलं आहे.

रतिलालनाना


जळगाव
१९ मे २०२५

नाना,

बादली नीट आठवते. मावशीची पैठणी भिजली होती आणि तुम्ही तिलाच म्हणालात, बाई, मधे का बसलात.

माझ्या नावाने हाताने लिहिलेलं पत्र ऑफिसात पहिल्यांदाच आलं. आमचे शिपाई वनादादा, त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि जाताना दोनदा वळून पाहिलं. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग घरी जाऊन पुन्हा वाचलं.

आता कामाचं. कॉम्प्युटर बिघडलेला नाही असं मला वाटतं, त्याच्यावर ओझं झालंय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. त्यात मेमरी या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारे वर येतील. पहिली दहा नावं मला उतरवून पाठवा, आणि मेमरीवर किती टक्के लिहिलंय तेही. तोवर काही पुसू नका, काही नवं घालू नका. कॉम्प्युटरला थापट्या मारणंही बंद ठेवा, तुम्ही मारत असणार.

घरी सगळे बरे आहेत. ऑफिसच्याच पत्त्यावर लिहीत जा, तेच बरं पडतं.

रूपा


देवपूर, धुळे
२६ मे २०२५

रूपा,

थापट्या बंद केल्या. तुला कसं कळलं कोण जाणे.

मेमरी ९७ टक्के. कॉम्प्युटरवर चार जीबी असं लिहिलंय. पहिल्या दहातली नावं वेगळ्या कागदावर उतरवली आहेत, पण वरची तीन इथेच सांगतो, कारण ती माझ्या ओळखीची आहेत. तिन्ही ठिकाणी सर्व्हर हा शब्द आहे आणि पुढे कंसात नाव: थोरली, मधली, धाकटी. ही नावं मीच दिली.

तू लहान होतीस, म्हणून सांगतो. आपल्या घराण्याच्या तीन पाती. थोरली पाती उखर्डूआबांची, मधली आमची, धाकटी तुझ्या वडिलांची, जीवरामची. एकोणीस वर्षांपूर्वी थोरली आणि मधली विहिरीवरून भांडली. तेव्हापासून कानबाई वेगळी, रोट वेगळे, एकमेकांच्या ओट्यावर पाय नाही. वच्छला वहीतसुद्धा तिन्ही पातींमध्ये दोन-दोन कोरी पानं सोडायची. उखर्डूआबांनी वही उघडून पाहिली आणि आपलं नाव आमच्याला चिकटून दिसलं तर ते गहू मोजायचे नाहीत.

म्हणून मी सॉफ्टवेअरही तीनदा घातलं. एकेका पातीला एकेक. तीन दिवस लागले, पण कोणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. यात काही चुकलं असेल तर सांग.

रतिलालनाना


जळगाव
२ जून २०२५

नाना,

ऑफिसात एकटीच इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या शहनाजने पाण्याची बाटली पुढे केली. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, आमच्याकडेही दोन चुलते आहेत, त्यांना दोन कॉम्प्युटरच लागतील.

चुकलं असं नाही, पण भाऊबंदकी कॉम्प्युटरच्या पोटात शिरली आहे. हे सॉफ्टवेअर मोठ्या ऑफिसांसाठी असतं. कॉम्प्युटर सुरू झाला की ते आपण होऊन उठतं आणि शंभर माणसं काही ना काही विचारायला येतील या हिशेबाने मेमरी अडवून बसतं. तुमच्याकडे असे तिघं बसलेत, आणि विचारणारे तुम्ही एकटे. तुम्ही यादी उघडली नाहीत तरी ते बसलेलेच असतात.

सर्व्हर एकच पुरतो. यादीही एकच ठेवा आणि तिच्यात पाती नावाचा एक रकाना करा. प्रत्येक नावापुढे थोरली, मधली किंवा धाकटी लिहायचं. छापताना एकाच पातीचं मागितलं तर तेवढंच छापून येतं, दुसऱ्याचं नाव कोणाच्या दृष्टीस पडत नाही. उखर्डूआबांना काय ते कागदावर दिसेल, पोटात कोण कोणाशेजारी बसलंय हे त्यांना कळायचं कारण नाही.

सोबतच्या दोन पानांवर पायऱ्या लिहिल्या आहेत. आधी तिन्ही याद्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ती घेतल्याशिवाय पुढची पायरी वाचूसुद्धा नका. मग थोरली आणि धाकटीच्या याद्या मधलीत आणा, आणि ते दोन सर्व्हर काढून टाका. उरलेल्या सर्व्हरला कमाल मेमरी ठरवून द्या, पाचशे बारा एमबी पुष्कळ झाली. शेवटी सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन त्याच्यापुढे ऑटोमॅटिक लिहिलंय ते मॅन्युअल करा. म्हणजे तुम्ही हाक माराल तेव्हाच तो उठेल.

रूपा


देवपूर, धुळे
१४ जून २०२५

रूपा,

६.०० ला बटण दाबलं, ६.०३ ला पडदा. यादी उघडली ६.०५ ला. असा वक्तशीरपणा मी नोकरीतसुद्धा पाहिला नाही.

तुझ्या पानांवर बरोबरच्या खुणा करत नऊ दिवस काम केलं. एके ठिकाणी अडलो होतो, पेनड्राइव्ह उलटा घालत होतो. आता तिन्ही पाती एका यादीत आहेत, दोनशे चौदा नावं. एकोणीस वर्षांनी सगळी एकत्र पाहिली. बघत बसलो जरा वेळ.

तुझंही नाव सापडलं. रूपा जीवराम, पाती धाकटी, आणि पुढे वच्छलाच्या शब्दांत, लग्न २०१९, सासरी मोजावे. वहीत तिने त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. जावईबापूंचं नाव आणि रावेरचा पत्ताही तिने लिहून ठेवलाय.

तुझे उपकार कसे फेडू. शेजारच्या बाईंकडून ज्वारीच्या वाळवणाच्या शंभर बिबड्या करून घेतल्या आणि काल त्या रावेरच्या पत्त्यावर तुझ्या नावाने पार्सल केल्या. आत सासूबाईंना चिठ्ठी घातलीये की तुमच्या सुनेने म्हाताऱ्याचं मोठं काम केलं, तिला त्यासाठी वेळ दिलात याबद्दल आभारी आहे. सासरी सुनेचं कौतुक बाहेरून आलेलं बरं असतं.

आमच्याकडे कानबाईची तयारी आतापासून. पाच माणसांचं घर, कामं काय थोडी असतात.

रतिलालनाना


जळगाव
१९ जून २०२५

नाना,

रावेरला पार्सल पाठवायची गरज नव्हती. यापुढे तिकडे काही पाठवू नका, लिहू नका. सासूबाईंना बिबड्या चावत नाहीत.

कॉम्प्युटर नीट चालतोय हे वाचून बरं वाटलं. महिन्यातून एकदा प्रत घेत जा. ऑफिसात कामाची गर्दी आहे, म्हणून इथेच थांबते.

रूपा


देवपूर, धुळे
५ जुलै २०२५

रूपा,

एका ठिकाणी अडलोय. तूच सोडवू शकशील.

यादीत मोजायचं घर असा रकाना मी केलाय. लग्न न झालेली पोर माहेरी मोजायची, झालेली सासरी. वच्छलाच्या वहीत ही दोनच खाती होती, म्हणून मीही दोनच केली. आता एक नाव असं आलंय की ते या दोन्हींत बसत नाही. रकाना रिकामा सोडायला गेलो तर कॉम्प्युटर लाल अक्षरांत ओरडतो आणि पूर्ण ओळच घेत नाही. पाच वेळा करून पाहिलं.

कानबाई तीन ऑगस्टला आहे. त्याआधी उत्तर दे.

ता. क. बिबड्यांचं पार्सल परत आलं. पोस्टमनने वर लिहिलंय, या पत्त्यावर राहत नाही. बिबड्या शाबूत आहेत, एकही मोडली नाही.

रतिलालनाना


जळगाव
१३ जुलै २०२५

नाना,

चार दिवस पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, ते मला सोपं जातं.

तुम्ही रकाना केलात तेव्हा तो रिकामा चालणार नाही असा नियम आपोआप लागलाय. टेबलाच्या डिझाइनमध्ये जा. त्या रकान्यापुढे एक छोटा चौकोन आहे, त्यात बरोबरची खूण करा आणि साठवा. मग कॉम्प्युटर ओरडणार नाही. पण एक लक्षात ठेवा. रिकामं सोडलेलं नाव यादीत दिसतं, शोधलं तर सापडतं, मात्र घराघराची बेरीज मागितली की ते कोणाच्याच घरात धरलं जात नाही. तेव्हा रिकामं सोडू नका, ओळच काढून टाका. ते नाव माझंच आहे ना.

मी दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये रावेर सोडलं. फार मोठं काही घडलं नाही, म्हणून कोणाला सांगताही येत नाही. मी नोकरी सोडावी असं त्यांना वाटत होतं. मी सोडली नाही, तर स्वप्नील माझ्याशी बोलायचा बंद झाला. आठ महिने बोलला नाही. मी ताट वाढायचे, तो जेवायचा, सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. एके दिवशी नेहमीच्या गाडीने जळगावला आले आणि संध्याकाळी परत गेले नाही. तिकडून तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी आला तो कपाटाची चावी कुठे आहे विचारायला. कोर्टात तारखा चालू आहेत.

आई-वडील असते तर त्यांच्याकडे गेले असते. अमृतदादाने सुरतहून कळवलं की आधी नांदायला जा, मग राखीला ये. मी इथे पिंप्राळ्यात एक खोली घेऊन राहते. शहनाजशिवाय ऑफिसात कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला दोन महिने खोटं लिहिलं. तुमचं पत्र मला नमस्कार सांगायचं, आणि तो पुढे पोचवायला माझ्याकडे माणूस नव्हतं. पण पत्र यायचं थांबेल या भीतीने बोलले नाही.

माहेरच्या यादीतून लग्नात गेले. सासरच्यांनी निघाले त्याच वर्षी कमी केलं असणार. दोन कानबाया झाल्या, माझ्या नावाने कोणी सव्वा मूठ गहू मोजले नाहीत. त्या दिवशी गल्लीत घराघरातून रोटांचा वास येतो, आणि रोट बाहेरच्याला कोणी देत नाही, हे मला माहीत आहे. मी दार लावून पोहे केले. एवढ्याशा गोष्टीचं एवढं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

काकूंनी लिहिलेली ओळ काढली तर मला राग येणार नाही.

रूपा


देवपूर, धुळे
२२ जुलै २०२५

रूपा,

चौकोनात खूण केली नाही. ओळ काढली नाही. सासरीच्या जागी काय लिहिलं ते पुढे सांगतो, आधी माझं खोटं ऐक.

घर भरलेलं आहे असं मी तुला लिहीत आलो. यादीत माझ्या घरी पाच माणसं आहेत: मी, ज्ञानेश्वर, सूनबाई, दोन नातवंडं. मी सोडून चौघं जर्मनीत आहेत. सहा वर्षांत एकदा आले, वच्छलाच्या दहाव्याला, आणि तेराव्याला परत गेले. ज्ञानेश्वर चांगला पोरगा आहे, पण व्हिडिओवर त्याचे ओठ हलतात आणि मी मान हलवतो. त्याला वाटतं बापाला कळलं.

तरी मी दरवर्षी पाच जणांच्या मुठी मोजतो. पोरांची नावं कमी करायला हात होत नाही. रोट मीच थापतो, जाड होतात, कडा करपतात. गंगाफळाची भाजी आणि खीर मात्र जमते. मग खायला बसतो. रोट भाऊबंदाबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, घरच्यांनीच संपवायचा. एका म्हाताऱ्याच्याने पाच जणांचे किती संपणार. चार वर्षं झाली, चौथ्या दिवशी उरलेले रोट पिशवीत घालून पांझरा नदीत सोडून येतो आणि कानबाईची माफी मागतो. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. पातीतल्या लोकांना कळलं तर यादीच काढून घेतील माझ्याकडून, आणि मग मला वर्षभर कोणाचं पत्र येणार नाही. बाळ झाल्याचं नाही, कोणी गेल्याचंही नाही.

परवा उखर्डूआबा स्वतः आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ओट्यावर चढले, त्यांचा आकडा न्यायला पोरगा मोकळा नव्हता म्हणून. मी त्यांच्या पातीचं छापत होतो. ते खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले, आणि पडद्यावर नेमकं आमचं घर उघडं होतं. त्यांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, मला ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने विचारलं, "हाई पोर कोनी यादीमा शे?"

मी म्हटलं, "मन्ही यादीमा शे."

ते म्हणाले, लग्न झालेली पोर, ती पण धाकट्या पातीची, मधल्या पातीत कशी मोजता, आजवर असं झालं नाही. मी त्यांना सांगितलं की आता तिन्ही पाती एकाच पोटात आहेत, कॉम्प्युटरने नाव घेतलं, ओरडला नाही, तुम्ही कशाला ओरडता. मग त्यांनी वर-खाली करून सगळी दोनशे चौदा नावं पाहायला लावली. जाताना आपल्या पातीचा कागद घेतला आणि चहाही घेतला.

तेव्हा तुझ्या नावापुढे असं लिहिलंय: मोजायचं घर, रतिलाल, देवपूर. आमच्या घरची माणसं पाचाची सहा झाली. गहू मोजून ठेवलेत, पिठाचा डबा भरलाय. तीन तारखेला रविवार आहे, शनिवारी संध्याकाळी ये. आली नाहीस तर सहा जणांचे रोट मला एकट्याला खावे लागतील, आणि माझे दात तू पाहिले नाहीत.

रतिलालनाना


जळगाव
७ ऑगस्ट २०२५

नाना,

सुखरूप पोचले. तुमच्या कॉम्प्युटरला मी बसवलेली रॅमची, म्हणजे जादा मेमरीची, पट्टी ऑफिसच्या जुन्या मशीनमधली आहे, साहेबांना विचारून आणली होती. तिला उघडून बघायचा मोह झाला तर आधी मला पत्र टाका.

तुमच्यासमोर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहिते. रविवारी तुम्ही सहा पाट मांडलेत. मी दारातून पाहिले आणि वाटलं, आणखी कोणी आलंय. मग तुम्ही एकेका पाटावर रोट ठेवत नावं घेतलीत. ज्ञानेश्वरदादाचं घेतलंत, वहिनीचं, पोरांचं, तुमचं. शेवटचं माझं घेतलंत, तेव्हा मी पाणी आणायला आत गेले. पाणी आधीच भरलेलं होतं. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्या वेळी बरं झालं.

तीन दिवस दोघांनी तेच खाल्लं. रोट खरंच जाड आहेत, कडा खरंच करपतात, पुढच्या वर्षी मी थापणार आहे. मंगळवारी शेवटचा एक राहिला. तुम्ही तो फडक्यात बांधून माझ्या डब्यात घातलात आणि बजावलंत की घरच्या माणसाने नेला तर चालतं, वाटेत कोणाला देऊ नकोस.

एसटीत पारोळ्याला एक म्हातारी बाई शेजारी बसली. एकटीच होती. तिने पिशवीतून शेंगा काढल्या आणि न विचारता अर्ध्या माझ्या ओंजळीत घातल्या. थोड्या वेळाने मी डबा उघडला. तिने वाकून पाहिलं. काही मागितलं नाही, पण मला लाज वाटली. मी एरवी अख्खा डबा तिच्या हातात दिला असता. माझं बोलणं तिच्यासाठी आपोआप आईच्या बोलीत वळलं. मी म्हटलं, "रागावू नका मावशी, आमना घरना रोट शेतस. बाहेर देता येत नही."

ती मुळीच रागावली नाही. त्यांच्याकडेही कानबाई असते म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हनं घर कोठे?"

दोन वर्षं हा प्रश्न आला की मी खिडकीबाहेर बघायचे. या वेळी सांगितलं, धुळं, देवपूर. तिने मान डोलावली आणि शेंगा सोलत बसली. मी एरंडोल यायच्या आत रोट संपवला, करपलेल्या कडेसकट.

रूपा